ठेव परत करा: ऑनलाइन लेखक-समूहाच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय संचालक मंडळ

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार. आपल्या समूहाचे नाव मी या पत्रात लिहीत नाही. ज्यांनी तेथे वर्षानुवर्षे लिहिले त्यांना ते ठाऊक आहे, आपल्याला तर आहेच. आपली बदनामी व्हावी असा माझा हेतू नाही. आमचे लेखन नष्ट होण्यापासून वाचावे एवढ्यासाठी हे पत्र आहे.

गेल्या महिन्यात आपण सर्व सभासदांना एक सूचना पाठवली. तीत तीन निर्णय कळवले होते. ज्या खात्यांत दोन वर्षांत कोणी प्रवेश केलेला नाही, ती खाती त्यांतील सर्व लेखनासह ४५ दिवसांनी कायमची काढून टाकली जातील. ती मुदत संपल्यावर उरलेल्या सभासदांनी नव्या अटींना मान्यता दिल्याशिवाय त्यांना स्वतःचे जुने लेखन पाहता येणार नाही. आणि नव्या रचनेत जुने अभिप्राय राहणार नाहीत. प्रत्येक कवितेखाली आणि कथेखाली फक्त गुणांचे तारे दिसतील. सूचनेत दिलेल्या पत्त्यावर मी दोनदा सविस्तर लिहिले. दोन्ही वेळा यंत्राने पाठवलेले एकच उत्तर आले. मुदतीचे दिवस संपत चालले आहेत, म्हणून सर्वांसमक्ष लिहीत आहे.

मी सांगलीच्या गावभागात राहतो. मार्केट यार्डातील एका अडत दुकानात ३४ वर्षे दिवाणजी म्हणून हिशेब लिहिले. हळदीचे सौदे, हमाली आणि तोलाईची वजावट, शेतकऱ्यांच्या मालविक्रीच्या पट्ट्या, हे माझे रोजचे लिखाण. कविता चाळिशी उलटल्यावर सुरू झाली आणि कथा त्याच्याही नंतर. संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला मी दरवर्षी जात असे, पण मागच्या रांगेत बसून ऐकण्यासाठी. एका दिवाळी अंकात एक कविता छापून आली होती. बाकी जे जे पाठवले त्याचे काय झाले ते कधी कळले नाही. २०१३ साली माझ्या भाच्याने मोबाइलवर मराठी टंकलेखन शिकवले आणि आपल्या समूहात माझे खाते उघडून दिले. आज तेथे माझ्या ६८ कविता आणि २१ कथा आहेत. आपल्या यादीत मी हजारोंपैकी एक असेन. माझ्या आयुष्यात मात्र या लेखनाची दुसरी प्रत नाही, आणि ती का नाही हे सांगितल्याशिवाय माझी तक्रार आपल्याला कळणार नाही.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात आम्ही घरातून निघालो तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे हाच प्रश्न सगळ्या सांगलीच्या तोंडी होता. आमच्याकडे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. लहान मुलांनाही हे आकडे पाठ असतात. २००५च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. त्या खुणेच्या हातभर वर माळ्यावर ठेवले की वस्तू सुरक्षित, असा आमचा हिशेब होता, आणि माझ्या १४ वह्यांची ट्रंक मी त्या हिशेबाने वर चढवली. पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. आठवड्याहून अधिक काळाने घरी परतलो तेव्हा ट्रंकेत शाईने निळा झालेला लगदा होता. पानाला पान चिकटले होते, आणि जे सुटे झाले त्यावर अक्षर नव्हते. त्याच पाण्यात आमच्या नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ भिजले. दीडशे वर्षांच्या संस्थेला जे वाचवता आले नाही ते मला कसे वाचवता येणार, अशी स्वतःची समजूत मी घातली.

मिरजेला मेहुण्यांच्या घरी, तिसऱ्या की चौथ्या रात्री, मी मोबाइलवर आपला समूह उघडला. सगळ्या कविता तिथे होत्या. वहीतल्या खाडाखोडी गेल्या होत्या, पण शेवटचा खर्डा ओळीला ओळ जसाच्या तसा होता. त्या रात्री मी त्या सगळ्या पुन्हा वाचल्या. आपल्या संस्थेने माझ्यासाठी काय केले आहे ते मी विसरलेलो नाही. या पत्रात पुढे जे लिहीत आहे ते त्या उपकाराची जाणीव ठेवून लिहीत आहे.

आमच्या व्यवहारातला एक दाखला देतो. सांगलीलगतच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणलेली असत. तिथल्या मातीचा गुण असा, की पेवाचे तोंड बंद केले की आतल्या हळदीला वर्षानुवर्षे कीड लागत नसे. २००५च्या पुरात त्यांतली बहुतेक पाण्याखाली गेली. पेव एकाचे, हळद दुसऱ्याची, आणि कोणाची किती पोती हे वहीत लिहिलेले असे. पेववाल्याला भाडे घेण्याचा हक्क होता. पेव मोडायचे असेल तर मालकाला निरोप पाठवून, माल बाहेर काढून, मोजून त्याच्या हवाली करण्याची जबाबदारी त्याचीच असे. मालक दोन वर्षे फिरकला नाही म्हणून हळद नदीत सोडल्याचे, किंवा पेवात ठेवली म्हणून ती पेववाल्याची झाल्याचे, माझ्या ३४ वर्षांत मी पाहिले नाही. आपल्याकडे आम्ही ठेवलेले लेखन याच प्रकारची ठेव आहे, अशी माझी धारणा आहे, आणि माझ्या सर्व तक्रारी तिच्यातूनच निघतात.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार बंद पडलेल्या खात्यांबद्दल आहे.

दोन वर्षे खाते उघडले नाही म्हणजे लेखकाला लेखन नको आहे, असे आपण धरले आहे. यातले कितीतरी लेखक हयात नाहीत, याचा विचार झालेला दिसत नाही. कोरेगाव तालुक्यातील एक परिचारिका आमच्यासोबत टोपणनावाने लिहीत असत. त्यांचे खरे नाव आम्हांला अनेक वर्षे ठाऊक नव्हते, आणि आजही मी ते येथे लिहिणार नाही, कारण सासरी कविता लिहिणे कळू नये अशी त्यांची इच्छा होती. रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला, वाड्यावस्त्यांवर लसीकरणासाठी चालत जाताना, स्वतःच्या मुलीला झोपवून पुन्हा कामावर निघताना सुचलेल्या त्यांच्या ४० कविता समूहात आहेत. त्यांतल्या काही अष्टाक्षरीत आहेत आणि एकही अक्षर कमीजास्त नाही. २०२१च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, त्या गेल्या. घरात त्यांची एकही वही सापडली नाही. त्या थेट मोबाइलवर लिहीत असत, आणि तो मोबाइल नंतर बिघडला. त्यांच्या मुलीला आईच्या कविता असल्याचे कळले तेच मुळी आम्ही समूहात वाहिलेल्या श्रद्धांजलीवरून.

त्या मुलीने खाते उघडण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. आपल्याकडे प्रवेशासाठी मोबाइलवर ओटीपी येतो. मृत व्यक्तीचा क्रमांक वापरात नसला की दूरसंचार कंपनी तो बंद करते आणि काही काळाने दुसऱ्या कोणाला देते. म्हणजे आईच्या खात्याची किल्ली आता एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती असेल, किंवा कोणाच्याच नसेल. मुलीने मृत्यूचा दाखला जोडून आपल्याकडे अर्ज केला. त्याला उत्तर आलेले नाही. आपल्या नियमाप्रमाणे ४५ दिवसांनी त्या ४० कविता नाहीशा होतील. ओटीपी न आल्याने एका लेखिकेच्या साऱ्या कविता पुसल्या जाणार असतील, तर तो नियम घाईने केलेला आहे असे मला स्पष्टपणे सांगावे लागते.

कायदाही येथे त्या मुलीच्या बाजूचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि ही ६० वर्षे मृत्यूनंतरच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजली जातात. म्हणजे २०२१ साली गेलेल्या त्या परिचारिकेच्या कवितांचे हक्क २०८१च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे आहेत. ज्या वस्तूवर वारसाचा आणखी अर्धशतकाहून अधिक काळ हक्क आहे, ती वारसाला न विचारता आपण पुसून टाकणार आहात.

दुसरी तक्रार नव्या अटींबद्दल. मी त्या तीनदा वाचल्या. इंग्रजीत असल्याने भाच्याला सोबत बसवून वाचल्या. मराठी लेखकांच्या समूहाच्या अटी मराठीत नसाव्यात हे मला पटत नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण आम्हां सर्वांना अभिनंदनाचा संदेश पाठवला होता. ज्या भाषेत अभिनंदन झाले त्या भाषेत करारही व्हावा, ही अपेक्षा जास्त नाही.

अटींचा मथितार्थ असा, की मान्यतेचे बटण दाबताच आमच्या आजवरच्या आणि यापुढच्या लेखनाचे श्राव्य रूप करणे, त्यावर मालिका किंवा चित्रफीत करणे, त्याचे भाषांतर करणे, ते यंत्रांना भाषा शिकवण्यासाठी देणे आणि हे सारे हक्क पुढे तिसऱ्या कोणाला सुपूर्त करणे, याला आमची कायमची, परत न घेता येणारी संमती धरली जाईल. मोबदल्याचा उल्लेख नाही आणि कालमर्यादाही नाही. मान्यता दिली नाही तर स्वतःच्या कवितेपर्यंत पोहोचता येणार नाही. ज्याच्याकडे दुसरी प्रत नाही त्याने मान्यता द्यायची नाही तर काय करायचे?

आपल्याकडे कायदा जाणणारे लोक आहेत. कायद्याने कविता लिहून होताच तिचा हक्क लेखकाकडे येतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, हे त्यांना माहीत असेल. हक्क दुसऱ्याला देण्यासाठी लेखी करार आणि देणाऱ्याची सही लागते, कोणता हक्क किती काळासाठी व किती मोबदल्यात दिला हे त्यात यावे लागते, हेही माहीत असेल. त्याच कायद्याचे ५७वे कलम असे सांगते, की हक्क विकल्यानंतरही आपले नाव लेखक म्हणून लावून घेण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. आपण यापैकी काही जाणूनबुजून डावलले असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की घाबरलेल्या माणसाकडून, त्याची एकमेव प्रत अडवून ठेवून, एका बटणावर घेतलेली संमती अडतीच्या पेठेतसुद्धा कोणी सचोटीची मानणार नाही.

मला एखाद्या कथेचे श्राव्य रूप झालेले आवडेल. आमच्यातल्या अनेकांना आवडेल, विशेषतः ज्यांचे आईवडील वाचू शकत नाहीत त्यांना. मला त्या त्या कथेसाठी वेगळे विचारा, मी बहुधा होच म्हणेन.

तिसरी बाब प्रतीची. आपल्या समूहात मजकूर निवडून नकलून घेता येत नाही. चोरीला आळा बसावा म्हणून आपण ही सोय बंद केली, असे सांगितले गेले. चोरी करणारा पडद्याचे छायाचित्र घेतो आणि पुढे पाठवतो, त्याला काहीच अडत नाही. अडतो तो लेखक, ज्याला स्वतःची दहा पानांची कथा स्वतःच्या मोबाइलमध्ये उतरवून घेता येत नाही. सूचना आल्यापासून मी रोज रात्री पडद्यावर वाचून वहीत हाताने उतरवत आहे. आतापर्यंत ३१ कविता आणि चार कथा झाल्या. माझे वय ६३ आहे, उजव्या डोळ्याचे ऑपरेशन गेल्या वर्षी झाले आहे, आणि उरलेल्या १७ कथा ४५ दिवसांत पुऱ्या होणार नाहीत. जतच्या एका शिक्षक मित्राच्या १५०हून अधिक शतशब्दकथा आहेत. तो तर शाळा सांभाळून लिहितो.

जे उतरवतो आहे तेही मूळचे राहिलेले नाही. मागे आपण सगळी व्यवस्था नव्या ठिकाणी हलवली तेव्हा जुन्या लेखनातील 'ॲ' हे अक्षर आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' ही जोडाक्षरे ठिकठिकाणी तुटली. साताऱ्याच्या लेखकांना स्वतःच्या गावाचे नावच धड वाचता येईना, कारण 'साताऱ्यात' या शब्दाच्या मधोमध चौकोन उमटू लागले. वाऱ्यावर, दऱ्यांत, शेतकऱ्याच्या, या शब्दांवाचून आमच्या भागातली कविता होत नाही, आणि हेच शब्द फुटले. त्याहून मोठे नुकसान ओळींचे झाले. कवितेच्या ओळी जिथे तोडल्या होत्या ती जागा पुसली गेली आणि ओव्या, गझला, मुक्तछंद सगळे एकाच परिच्छेदात सलग झाले. गझलेचा शेर कोठे संपतो हे काफिया-रदीफ, म्हणजे यमक आणि त्यामागे पुन्हा येणारा शब्द, ऐकून तरी कळते. मुक्तछंदात ओळ कोठे तोडली हाच अर्ध्या कवितेचा अर्थ असतो. आम्ही तेव्हाच कळवले होते. दुरुस्ती होईल असे उत्तर आले होते, ती झाली नाही. आपल्याकडे त्या स्थलांतराच्या आधीची साठवण असेल, तर प्रती त्या साठवणीतून द्याव्यात, अशी माझी विनंती आहे.

जागेच्या खर्चाचे कारण आपण दिले आहे, म्हणून हिशेबनीस या नात्याने थोडा हिशेब मांडतो. माझे सगळे लेखन मिळून सुमारे ६०,००० शब्द भरेल. मोकळी जागा धरून शब्दाला सरासरी सात चिन्हे, आणि संगणकात अक्षरे साठवण्याच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट. बेरीज दीड एमबीच्या आत येते. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्र साधारण याहून जास्त जागा घेते. माझी १३ वर्षे एका छायाचित्रापेक्षा कमी जागेत मावतात. सर्व सभासदांचा मजकूर मिळूनही ज्या चित्रफिती आपण आता पुढे आणत आहात त्यांच्या शेजारी तो फार भरणार नाही. खर्च फक्त साठवणीचा नसतो, माणसांचा आणि देखभालीचाही असतो, हे मी समजतो. तो भागत नसेल तर वर्गणी मागा. पेवाचे भाडे द्यायला आम्ही नाही म्हणणार नाही.

चौथी तक्रार अभिप्रायांची आहे आणि येथे मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण या निर्णयात नेमके काय जाते आहे ते आपल्या लक्षात आलेले नसावे.

हौशी लेखकाला मार्गदर्शक मिळत नाही. पुण्या-मुंबईत कदाचित मिळत असेल; आटपाडीत, माणमध्ये, पाटणच्या डोंगरात मिळत नाही. आम्ही एकमेकांकडून शिकलो. माझी पहिली कथा एका हमालावर होती. मी त्याच्या तोंडी शुद्ध, पुस्तकी वाक्ये घातली होती आणि मला ती फार आवडली होती. खटावच्या एका वाचकाने खाली लिहिले, "पाठीवर पोतं असलेला माणूस एवढं लांब वाक्य बोलंल का? दम लागंल त्याला." त्या दोन वाक्यांनी मला संवाद म्हणजे काय ते शिकवले. मी कथा पुन्हा लिहिली, हमालाची वाक्ये तोडली, आणि नंतर दुकानात हमाल बोलताना श्वास कोठे घेतात ते लक्ष देऊन ऐकू लागलो. कऱ्हाडच्या एका एसटी वाहकाने माझ्या दुसऱ्या कथेचा शेवटचा परिच्छेद अनावश्यक असल्याचे दाखवून दिले. मी आठ दिवस रागावलो आणि मग तो काढून टाकला. कोरेगावच्या त्या परिचारिकाताईंनी माझ्या अष्टाक्षरीतली एक ओळ बोटांवर मोजून नऊ अक्षरांची ठरवली होती. त्यांचे ते शब्द आजही त्या कवितेखाली आहेत. त्यांच्या हातचे माझ्याकडे आता एवढेच आहे.

हे सारे काढून त्या जागी पाच तारे येणार आहेत. नऊ अक्षरांची ओळ कोणती ते ताऱ्यांतून कळत नाही, आणि हमालाला दम लागतो हेही कळत नाही. अभिप्राय हे लेखनाचे खर्डे आहेत. कथा पहिल्या रूपातून दुसऱ्या रूपात कशी गेली याची ती एकमेव नोंद आहे. नव्याने लिहू लागलेली मुले माझ्या कथेपेक्षा तिच्याखालची चर्चा वाचून अधिक शिकतील, असे मला मनापासून वाटते. नवी रचना आपण जरूर करा, पण जुने अभिप्राय निदान वाचण्यापुरते तरी राहू द्या.

पाचवी तक्रार थोडक्यात. माझी विहिरीवरची एक कविता नावाशिवाय व्हॉट्सॲपवर फिरली, मग एका मोठ्या दिवंगत कवीच्या नावाने फिरली, आणि अखेर एका समारंभात निवेदकाने ती त्या कवीची म्हणून म्हटली तेव्हा मी समोर बसलेलो होतो. मी उभा राहून सांगितले नाही, कारण सिद्ध कसे करणार? सिद्ध करणारी एकच गोष्ट आहे: आपल्याकडे नोंदलेली त्या कवितेची तारीख. ती तारीख दाखवणारा साधा दाखला मिळावा म्हणून मी तीन वेळा विनंती केली आणि तो मिळाला नाही. आता खातीच पुसली गेली तर आमच्यापैकी शेकडो जणांचा हा पुरावाही त्यांच्यासोबत जाईल, आणि नाव नसलेल्या त्या सगळ्या कविता कायमच्या निनावी होतील.

छापील पुस्तकासाठी या देशात १९५४चा एक कायदा आहे. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. मुंबईची एशियाटिक सोसायटी त्यांपैकी एक. एखाद्या कवीच्या सगळ्या प्रती पुरात गेल्या तरी कोठेतरी एक राहते. आमचे पुस्तक निघालेले नाही आणि बहुतेकांचे निघणारही नाही. आमच्यासाठी कोलकाता आणि एशियाटिक म्हणजे आपणच. ही जबाबदारी आपण मागितली नव्हती, हे खरे. पण 'आपले लेखन येथे कायम सुरक्षित' हे वाक्य आपल्या पहिल्या पानावर अनेक वर्षे होते, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून वह्या ठेवणे सोडून दिले.

जानेवारी २०२६मध्ये साताऱ्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा समूहातले आम्ही १५-२० जण तेथे प्रथमच प्रत्यक्ष भेटलो. नावे सांगून ओळख पटेना; टोपणनावे आणि कविता सांगितल्यावर पटली. एका मुलीने मला "तुम्ही विहिरीचे काका ना?" असे विचारले. वाई, फलटण, तासगाव, विटा, शिराळा, कुठून कुठून माणसे आली होती. आम्ही मंडपाच्या कडेला उभे राहून एकमेकांच्या कविता एकमेकांना पाठ म्हणून दाखवल्या. आपण जे उभे केले ते इतके खरे आहे, हे आपल्याला कळावे म्हणून सांगतो.

माझ्या आणि माझ्यासोबत या मजकुराला संमती दिलेल्या सातारा-सांगलीच्या सभासदांच्या मागण्या अशा आहेत.

खाती पुसण्याचा निर्णय तात्काळ स्थगित करावा आणि पुढील निर्णयापूर्वी किमान एक वर्षाची मुदत द्यावी. या मुदतीत प्रत्येक खात्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा सूचना पाठवावी.

प्रत्येक लेखकाला त्याचे सर्व लेखन, लिहिल्याच्या तारखा आणि खालचे अभिप्राय यांसह, एकाच वेळी उतरवून घेता येईल अशी सोय करावी. ही सोय नव्या अटींच्या मान्यतेशी जोडू नये. शक्य असेल तेथे प्रत स्थलांतरापूर्वीच्या साठवणीतून, ओळी आणि जोडाक्षरे शाबूत असलेली द्यावी.

दिवंगत सभासदांच्या वारसांसाठी मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा पाहून लेखन सुपूर्त करण्याची पद्धत ठरवावी, आणि त्यासाठी उत्तर देणारा एक माणूस नेमावा. टोपणनावाने लिहिणाऱ्यांची ओळख या प्रक्रियेत उघड होणार नाही याची हमी द्यावी.

अटी मराठीत प्रसिद्ध कराव्यात. श्राव्य रूप, रूपांतर, भाषांतर आणि यंत्रांना शिकवण्यासाठी वापर, या प्रत्येकासाठी वेगळी, मुदतीची आणि मोबदला नमूद केलेली संमती घ्यावी. नकार देणाऱ्याचे लेखन आजच्यासारखेच वाचायला खुले राहावे.

समूह चालवणे आपल्याला यापुढे शक्यच नसेल, तर लेखकांच्या संमतीने सर्व संग्रह एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाकडे सोपवावा. त्यासाठी लागणारे यादी करण्याचे, तपासण्याचे काम आमच्यातले निवृत्त लोक विनामूल्य करतील. मी स्वतः रोज चार तास द्यायला तयार आहे. याद्या आणि नोंदी ठेवणे हेच माझे आयुष्यभराचे काम आहे.

मुदत संपायला आज १९ दिवस उरले आहेत. सर्व मागण्यांचा विचार १९ दिवसांत होणार नाही हे मला मान्य आहे. स्थगितीचा निर्णय मात्र एका बैठकीत होऊ शकतो, तो आपण घ्यावा. आणि उत्तरे देण्याचा क्रम लावायचा असेल तर पहिले उत्तर कोरेगावच्या त्या मुलीला द्यावे. तिचा अर्ज आपल्याकडे आहे, दाखलाही जोडलेला आहे, आणि कविता ४०च आहेत. माझ्या पत्राचे उत्तर त्यानंतर आले तरी चालेल.

आपला विश्वासू,
२०१३ पासूनचा एक सभासद
गावभाग, सांगली